चौथ्या दिवसाचं गुळाचं पाणी

शारदाने आयुष्यात बिअरचा एक घोटही गिळला नाही. जिभेवर घ्यायची, डोळे मिटायची आणि मोरीत थुंकून टाकायची. मग चूळ भरायची. एकादशीला तर जिभेवरही घ्यायची नाही, नुसता वास घ्यायची. तरी आमच्या कुंडी ब्रुअरीत जी बिअर बनायची ती तिची होती. माझी नव्हती, रोहितचीही नव्हती. बाटलीवरचं नाव अजून तेच आहे. आतली बिअर तिची राहिली नाही. ते कसं झालं तेवढं लिहून ठेवतो.

मला लिहायची सवय नाही. कागद कारखान्याच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं रजिस्टर लिहिलं, तेवढंच. लगद्याचा नमुना घ्यायचा, तपासायचा, आकडा लिहायचा. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कारखान्याची क्वार्टर सोडून आम्ही बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात राहायला आलो. मुलगी गायत्री लग्न होऊन नागपूरला गेली होती. घरात मी, शारदा आणि माझी म्हातारी आई.

त्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाचा मुलगा रोहित आला. चार वर्षं पुण्याला एका लहान बिअर कारखान्यात काम करून कंटाळला होता.

"काका, तुम्ही इतकी वर्षं लगदा शिजवला ना? हे बिलकुल तसंच आहे. धान्य शिजवायचं, गाळायचं, थंड करायचं. फरक इतकाच की हे पिता येतं."

शारदा आतून म्हणाली, "साहेबांनी सांगितलं असतं तर यांनी लगदाही प्याला असता."

अशी सुरुवात झाली. परवान्याचा अर्ज आबकारीकडे गेला आणि तिथेच बसला. तो यायच्या आधी आम्ही घरी वीस लिटरच्या पातेल्यात करून बघायचो. ते कायद्यात बसत नव्हतं, खोटं कशाला सांगू. जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, रोहित मागवायचा. ज्वारीला मोड शारदा आणायची, गच्चीवर ओल्या गोणपाटावर. धान्य पासष्ट अंशांवर तासभर धरायचं काम माझं. ते मला जमलं. पण बिअर काही जमेना.

अडत होतं खमिरापाशी. रोहित पाकिटातलं यीस्ट मागवायचा. मे महिन्यात पार्सल खंडव्याला दोन दिवस पडून राहायचं आणि आमच्याकडे येईपर्यंत निम्मं मेलेलं असायचं. जे जगायचं ते आमच्या उन्हात बिघडायचं. बिअर पातळ व्हायची, औषधासारखा वास यायचा. चार वेळा ओतून दिली.

चौथ्या वेळी शारदा मोरीशी उभी होती. म्हणाली, "अहो, बाहेरगावचं विरजण आहे ते. त्याला इथलं ऊन कसं सोसेल? इथल्या उन्हात वाढलेलं काही घ्या ना."

रोहित हसला. "काकी, यीस्ट लॅबमध्ये बनतं."

"मग माझं बिबड्यांचं पीठ कोणत्या लॅबमध्ये आंबतं रे?"

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. त्यासाठी ज्वारी तीन दिवस भिजवून आंबवतात. कधी थांबायचं ते बायका वासावरून ठरवतात. शारदाचा अंदाज कधी चुकला नाही.

दापोऱ्याच्या कौतिक पाटलांच्या बागेतून तिने पिकून काळी पडलेली केळी आणवली. साली न धुता सात बरण्यांत घातल्या, वर माल्टचं पाणी. दोन बरण्यांवर बुरशी आली. तिनांचा शिरका झाला. सहावीला नेलपॉलिशसारखा वास येत होता. सातवी तिने माझ्या नाकाशी धरली.

पिकल्या केळ्याचा वास, त्याच्यामागे आंबलेल्या ज्वारीचा, आणि अगदी शेवटी काहीतरी लवंगेसारखं. मी तो वास पहिल्यांदा घेतला तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"हे," ती म्हणाली. "हे ठेवा."

त्याला ती विरजणच म्हणायची. दर चौथ्या दिवशी त्याला खाऊ घालायची. माल्टचं पाणी असलं तर ते, नसलं तर गुळाचं, एक पळी. घातलं की कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक खूण. सहा वर्षांत एक खूण चुकली नाही. गायत्रीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली तेव्हा बरणी मांडीवर घेऊन रेल्वेने गेली.

परवाना दोन वर्षांनी आला. इच्छापूर रोडला आम्ही एक शेड घेतली, पाचशे लिटरची टाकी बसवली. पहिल्या तपासणीला आबकारीचे साहेब आले. शारदा टाकीच्या झाकणाशी नाक लावून उभी होती.

"बाईसाहेब, आप पीती नहीं और बनाती हैं?"

"साहब, हलवाई रोज जलेबी खाता है क्या?"

साहेब इतके हसले की चहा घेऊन गेले.

गल्ली मात्र हसली नाही. लोधीपुऱ्यात वर्षभर शारदाला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. समोरून गेली की बायका म्हणायच्या, "कारखानदारीण चालली." तिला लागायचं ते. दाखवायची नाही. शेजारच्या भागीरथीकाकूंनी तेवढं दार बंद केलं नाही. काकू तेव्हा सत्तरीच्या, एकट्या, आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी भिंत. एकदा सगळ्या बायकांसमोर काकू म्हणाल्या, "त्या विरजणाले काय पाप लागते वं? दहीबी तर सडूनच बनते. तुम्ही खाता का नाही?" त्या वर्षीच्या संक्रांतीला शारदाला तीन घरची बोलावणी आली.

मग धंदा वाढला. पाचशेच्या टाकीला जोडून हजार लिटरच्या दोन बसवल्या. इंदूरच्या एका हॉटेलवाल्याने विचारलं, "इसमें केले का एसेन्स डालते हो?" शारदा दोन दिवस त्याच्यावर रागावून होती. आमची बिअर गाळून भरलेली असायची, स्वच्छ. बाटलीच्या तळाशी काही उरायचं नाही. जे काही जिवंत होतं ते टाकीत होतं आणि टाकीत जायचं ते आमच्या घरच्या फ्रिजमधून, तीन बरण्यांतून.

रोहित म्हणायचा, "काकी, पुण्याच्या लॅबमध्ये एक सॅम्पल ठेवू या. बॅकअप हवा यार."

"ते काय मेलेल्या माणसाचा फोटो आहे, ठेवायला? घरात जगतंय, घरातच राहू दे."

मी लॅबमध्ये आयुष्य काढलेला माणूस. मला रोहितचं पटत होतं. पण मी म्हणालो, "बघू." आणि बघितलं नाही.

मध्ये आई गेली. ते इथे सांगायला हवं. रावेरहून माझी मोठी बहीण सविताअक्का आली. तिचं सगळं रीतीने असतं. दहाव्याला सुतक फिटलं तेव्हा तिने घर वरपासून खालपर्यंत धुऊन काढलं. साठवलेलं पाणी, लोणच्याची उघडी बरणी, दह्याचं विरजण, आंबलेलं, भिजवलेलं, सगळं टाकलं. सुतकातलं विरजण पुढे चालवत नाहीत. पण बाराव्या दिवशी शारदा शेडवर आली आणि टाकीत विरजण घातलं, नेहमीसारखं. ते कुठून आलं हे मी विचारलं नाही. बायकांचं घरातलं काम पुरुष कुठे विचारतो.

गेल्या पावसाळ्यात शारदा पिवळी दिसू लागली. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. इंदूरला चव्वेचाळीस दिवस होतो. तिच्या विरजणाचा अंदाज तिच्याशिवाय कोणाला नव्हता, म्हणून रोहितने टाक्या कॉस्टिक सोड्याने धुतल्या आणि पाकिटाच्या यीस्टवर काम चालू ठेवलं. आता थंड खोली होती, पाकिटं टिकायची. घरच्या तीन बरण्यांना तो चौथ्या दिवशी माल्टचं पाणी घालायचा. घराची किल्ली त्याच्याकडे होती.

शारदा दवाखान्यात दिवस मोजायची. "आज चौथा ना? रोहितला फोन करा." मी तिच्यासमोर फोन करायचो. ती ऐकायची आणि डोळे मिटायची.

शेवटच्या आठवड्यात तिला जोराची औषधं होती. काहीबाही बोलायची. एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, "अहो, काकूंना विचारा, गूळ संपला का."

"विचारतो."

"विसराल तुम्ही."

"नाही विसरत."

मला वाटलं औषधामुळे बोलतेय. तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. त्यानंतर चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, ती गेली.

तिला घरी आणलं. तापीवर नेलं. अक्का आलीच होती, गायत्री आली. आमच्या गल्लीत गेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. ज्या बायका शारदाला कारखानदारीण म्हणायच्या त्याही डबे घेऊन आल्या. पिठलं, भाकरी, खिचडी, कढी.

मला सगळे म्हणायचे, तुम्ही बसा. मला बसवत नव्हतं. बसलं की तिची चप्पल दिसायची. म्हणून मी रिकामे डबे घासायचं काम घेतलं. अक्का म्हणाली, "दिगू, लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "म्हणू दे." अंगणातल्या नळाखाली बसून मी डबे घासायचो. आमच्याकडे भांड्यांवर नावं कोरलेली असतात, त्यामुळे कोणाचं कुठलं ते कळतं. घासायचे, पुसायचे, नावाप्रमाणे लावायचे, मग गायत्री पोचवून यायची.

तिसऱ्या दिवशी डब्यांच्या ढिगात एक डबा भरलेला निघाला. झाकण उघडलं. आत राखाडी, पातळ काहीतरी, वर फेस. मला वाटलं, कोणाची कढी राहिली, आंबली. मग वास आला.

तीन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. का वाटलं ते कळलं नाही. मी तो डबा हातात धरून नळापाशी उभा राहिलो, चांगला दोन-तीन मिनिटं असेन. छाती मोकळी झाली. गायत्रीने दारातून विचारलं, "बाबा, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." आणि डबा मोरीत ओतला. तळाला घट्ट साका बसला होता, तो सुटेना. मी नखाने खरवडला. राख आणि पावडर लावून डबा दोनदा घासला, ऊन पाणी फिरवलं. उलटा केला तर बुडाशी नाव होतं, सौ. शारदा दिगंबर बऱ्हाटे. आपलाच डबा कोणाकडून तरी भरून आला असेल म्हणून मी तो आत नेऊन आमच्या मांडणीवर ठेवला.

दहाव्याला सकाळी मी घाटावर निघालो. पायात चप्पल घालत होतो. अक्काने पदर खोचला होता, हातात बादली.

"दिगू, घर धुते आता. फ्रिजमधलं काय काय काढू?"

"सगळं काढ."

"सगळं?"

"सगळं काढ गं अक्का. मला विचारू नको आता."

रोहित माझ्याबरोबर घाटावर होता. गायत्री गच्चीवर गोधड्या वाळत घालत होती. घरात अक्काला अडवणारं कोणी नव्हतं. आणि मीच सांगून गेलो होतो.

तेरावं झालं. पाहुणे पांगले, अक्का तेवढी राहिली. चौदाव्या दिवशी सकाळी रोहित आला. मग म्हणाला, "काका, एक बात बोलू? एक टाकी काकीच्या विरजणाची लावू या. पाकिटाचं बंद करू हळूहळू. किती घालायचं, कधी काढायचं, मला नाही येत. पण तुम्ही वास तर ओळखता. आपण दोघं मिळून शिकू."

ती गेल्यापासून मला पहिल्यांदा काही करावंसं वाटलं. मी उठलो. फ्रिज उघडला.

फ्रिज पांढरा स्वच्छ होता. साबणाचा वास येत होता. मधल्या कप्प्यात दुधाची पिशवी आणि एका वाटीत दही. बरण्या ओट्यावर उलट्या घालून ठेवलेल्या, तिन्ही, काचेसारख्या लखलखीत.

"अक्का."

"काय रे?"

"ह्यात होतं ते?"

"ते आंबलेलं गढूळ? टाकलं. सुतकातलं होतं, दिगू. तूच सांगून गेलास, सगळं काढ म्हणून." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज खाली आला. "तुमच्या कारखान्याचं होतं का ते? मला वाटलं कारखान्याचं कारखान्यात असेल. दिगू, मला वाटलं..."

रोहित भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अक्का रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "दह्याला मी नवं विरजण आणलंय बघ शेजारून, काकूंकडून. घर बिनविरजणाचं ठेवलं नाही मी."

काकूंकडून.

मी खाली बसलो. आईच्या वेळचं आठवलं. तेव्हाही अक्कानेच घर धुतलं होतं. तेव्हाही सगळं टाकलं होतं. मग बाराव्या दिवशी शारदाने विरजण आणलं कुठून? ज्या घरात सुतक नाही त्या घरी आधीच नेऊन ठेवलं असणार. बायका दह्याचं करतात तसंच. आणि दवाखान्यात ती म्हणाली होती, काकूंना विचारा, गूळ संपला का. ती बरळत नव्हती. मला सांगत होती.

मी अनवाणी भिंतीपाशी गेलो. भागीरथीकाकू अंगणात लसूण सोलत होत्या.

"काकू, शारदाने तुमच्याकडे काही ठेवलं होतं का?"

"हो ना." काकूंनी लसूण बाजूला ठेवला. "इंदूरले जायच्या आदल्या दिवशी आली होती. डबा दिला. म्हणे, काकू, माणसाचा काही भरवसा नाही. मी येईपर्यंत सांभाळा. चौथ्या दिवशी गुळाचं पाणी, एक पळी. झाकण घट्ट लावू नका, त्याले श्वास घ्यावा लागते." त्यांनी बोटांवर मोजलं. "बारा वेळा घातलं मी, बाप्पा. एक खेप चुकली नाही. गूळ संपला तर बुधवाऱ्याच्या बाजारातून पायी जाऊन आणला. गुडघे असे दुखतेत माहे, तरी गेली."

मला हसू आलं. खरंच आलं. मी भिंतीवर दोन्ही हात ठेवले. "द्या मग काकू. कुठंय?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

"अरे, तुमच्याच घरी नाही का? तिसऱ्या दिवशीच आणून दिला. गेलेल्या माणसाची ठेव घरात ठेवू नाही, ज्याची त्याच्या दारी पोचवा लागते. जेवणाच्या डब्यांसंगच टोपलीत ठेवला. तू नळापाशी बसला होता, डबे घासत. मले वाटलं बोलावं. पण तुह्या डोळ्यातून पाणी चाललं होतं, मले काही बोलवेना. नाव होतं ना डब्यावर, तिचंच. म्हटलं, पाहशील."

बोटं भिंतीवर होती. उजव्या हाताच्या नखाकडे मी बघितलं.

सहा वर्षं तो वास मी घेतला होता. रोज, टाकीच्या झाकणाशी, तिच्या पदराला, तिच्या हातांना. लॅबमध्ये सव्वीस वर्षं माझं काम काय होतं, तर बघायचं, हुंगायचं आणि ओळखायचं. तो डबा नाकाशी धरून मी दोन-तीन मिनिटं उभा होतो. मला बरं वाटलं होतं. आणि तरी मी तो ओतला.

अक्काचा दोष नाही. तिने मला विचारलं होतं. काकूंचा तर नाहीच.

"सापडला ना?" काकूंनी विचारलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. "दिगंबर? बरा आहे ना तो? मी झाकण सैलच ठेवलं होतं. माह्याकून काही चुकलं का?"

काकू शहात्तर वर्षांच्या. दुखऱ्या गुडघ्यांनी गूळ आणायला गेलेल्या.

"सापडला काकू. आहे. आता आठवलं, मीच आत नेऊन ठेवला."

"जिवंत आहे ना पण?"

"आहे. फेस आहे वर."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "चला. पोरीची ठेव पोचली. माहा जीव लागून होता तिच्यात."

मी घरात आलो. मांडणीवर डबा होता. उचलला, झाकण काढलं, नाक आत घातलं. भांडी घासायच्या पावडरचा वास. झाकणाच्या कडेच्या खाचेत काही उरलं असेल म्हणून माल्टचं पाणी करून त्यात ओतलं, झाकण सैल ठेवलं, चार दिवस थांबलो. पाणी पाण्यासारखंच राहिलं. सहाव्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी आली. मी चांगला घासला होता. माझ्या कामात कसूर नव्हती.

रोहितला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, फिरसे पकडू ना. दापोऱ्याची केळी आणू. काकीने पकडलं तसं." आणली. कौतिक पाटलांनी स्वतः घड काढून दिले, बाईंसाठी म्हणून. सात बरण्या लावल्या, मग अजून सात, मग अजून. एकवीसमध्ये तीन चांगल्या निघाल्या. रोहितने वास घेतला, म्हणाला, "मस्त आहे ना हे." मस्त होतं. पण लवंगेचा तो वास नव्हता. ओळखीचं नव्हतं. आता मी ओळखतो. आता माझं नाक एकदम बरोबर चालतं.

त्या बरण्या मी ठेवल्या नाहीत. रोहित रागावला, दोन दिवस बोलला नाही, मग कामाला लागला.

ब्रुअरी चांगली चालली आहे. पाकिटाचं यीस्ट दर वेळी सारखं वागतं, एकही टाकी बिघडत नाही. गेल्या महिन्यात दोन हजार लिटरची नवी टाकी आली. क्रेनने उतरवली, रोहितने नारळ फोडला. इंदूरच्या हॉटेलवाल्याचा फोन आला होता. म्हणाला, "भाईसाहब, अब स्वाद एकदम साफ आ रहा है. पहले वो केला-केला सा लगता था." मी म्हणालो, "हां जी." मी रोज शेडवर जातो. तापमान बघतो, रजिस्टर लिहितो. खमिराच्या रकान्यात शारदा काही लिहायची नाही, एक बारीक खूण करायची. मी पाकिटाचा नंबर लिहितो.

घरी आलो की काकू भिंतीपाशी असतात. त्यांना आता कमी दिसतं, पण दिवस अचूक मोजतात. डबा घरी गेला तरी त्यांची सवय सुटलेली नाही. दर चौथ्या दिवशी वाटीत गुळाचं पाणी करून ठेवतात आणि माझी वाट बघतात.

"आज चौथा रे दिगंबर. तुह्याच्यानं होत नाही, मीच केलं. घे. एक पळीच घाल, जास्त नको."

"हो काकू."

"फेस आहे का?"

"आहे."

"झाकण सैल ठेवतो ना?"

"सैलच ठेवतो."

मी वाटी घेतो. दोन्ही हातांनी धरून आत नेतो, सांडू देत नाही. मग मोरीत ओततो, वाटी घासतो, पुसतो, आणि भिंतीवर काकूंच्या हाताला लागेल अशी ठेवतो.